बेदाण्याच्या शेडमधले पंख

बेदाण्याचे क्रेट कमी पडले म्हणून वडिलांनी मला मेजरांच्या शेडवर पाठवलं. मार्च महिना होता. शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती. टोकाला एक बंद खोली होती. तिथून ड्रिलचा आवाज येत होता. मी दार ढकललं.

आत विमान होतं.

ते चाकांवर उभं होतं. पंख लावलेले नव्हते, ते भिंतीशी लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले होते. शेपटीला जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता, येता-जाता कुणाचं डोकं आपटू नये म्हणून. विमानाच्या पोटातून दोन पाय बाहेर आले होते.

"कोण हाय?" पाय म्हणाले.

मी नाव सांगितलं.

"क्रेट पायजेत व्हय? भायेरच्या कोपऱ्यात हायत. दार लाव, धूळ येती."

मी दार लावलं, पण बाहेर गेलो नाही.

तेव्हा मी कोल्हापूरहून मराठीत एम.ए. करून नुकताच परत आलो होतो आणि तासगावच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो होतो. गावाला या विमानाबद्दल आधीच माहीत होतं. कुणी मला सांगितलं नाही, कारण कुणाला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मेजर काहीतरी यंत्र करतायत, एवढंच. काहींना वाटायचं, बागेवर औषध मारायचा हा नवा ब्लोअर आहे.

मेजर म्हणजे लालासाहेब सूर्यवंशी. ते मेजर नव्हते. ते हवाईदलात फिटर होते, विमानाच्या सांगाड्याचे. गावातले बाकीचे फौजी पायदळातले, आणि निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येकाला गाव मेजर म्हणतं. सुरुवातीला ते सांगायचे की हवाईदलात मेजर नसतो. मग त्यांनी सोडून दिलं. त्यांचं गाव आणि माझं एकच, तासगाव आणि कवठे महांकाळ यांच्या मधलं. घरी द्राक्षबाग आणि ही शेड. बाग खरं म्हणजे सुलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बघायच्या. मी त्यांना काकी म्हणतो.

विमानाचं किट परदेशातल्या एका कारखान्याचं होतं. कापलेले पत्रे, वाकवलेल्या पट्ट्या, पिशव्यांतून पत्रे जोडायच्या रिबिटी, आणि कुठला तुकडा कुठं बसतो त्याची चित्रं. मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून ते आलं. ट्रकवाला म्हणाला होता, सोलर दिसतंय. पेट्यांचं लाकूड काकींनी शेळ्यांच्या गोठ्याला वापरलं. गोठ्याच्या एका फळीवर अजून इंग्रजीत लिहिलेलं आहे, उलटं ठेवू नये.

मी वरचेवर तिथं जायला लागलो. मेजर मला सर म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा असायची. काम करताना कानाला काहीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं. रेडिओला तिथं रेंज नव्हती, म्हणून मी वाचलेल्या कादंबऱ्यांच्या गोष्टी सांगायचो. ते मध्येच विचारायचे, "पर ह्यो बाबा पोटापाण्याचं काय करत हुता?" बऱ्याच कादंबऱ्यांच्या बाबतीत मला ते सांगता यायचं नाही.

एकदा मी विचारलं, "मेजर, तुम्ही उडवायला शिकणार?"

"मला काय उडवायचं? मी फिटर हाय."

"मग बसणार कोण?"

"ज्याला येतंय ते."

"मग तुम्ही बांधता कशाला?"

त्यांनी रिबिट मारायची गन खाली ठेवली. "तुजा बा द्राक्षं किती खातो रं?"

माझे वडील द्राक्षं खात नाहीत.

मग ते स्वतःच बोलले. हवाईदलात त्यांनी पंख उघडले, मिटले, तपासले, सही केली. पण त्यांच्या सहीवर दुसऱ्याची सही असायची, तिच्यावर तिसऱ्याची. विमान उडालं की ते कुणाचं, हे सांगता यायचं नाही. "एक तरी असं पायजे," ते म्हणाले, "की येकट्याच्या सहीवर कुणीतरी बसलं आन् परत आलं."

बसणारी मिळाली होती. शिवांजली घोरपडे, साताऱ्याची, कऱ्हाडच्या धावपट्टीवर विमान उडवायला शिकवणारी. मेजर तिला कॅप्टन म्हणायचे, ती त्यांना काका. एका रविवारी ती विमान बघायला आली. बोटाच्या पेरानं तिनं ठिकठिकाणी पत्र्यावर टकटक केली. आतला दांडा हलवला, शेपटी हलते का बघितलं. वाकून पंखाच्या टोकाकडून एका डोळ्यानं बघितलं. मग म्हणाली, "काका, मी उडवीन. पण पंखाच्या आत मला दिसत नाही. आतलं तुम्ही सांगायचं. तुम्ही सही केली की मी बसते."

"बास, ठरलं," मेजर म्हणाले.

काकींनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. गाडी गेल्यावर काकी मला म्हणाल्या, "पोरगी धाडशी हाय." मग भांडी गोळा करता करता म्हणाल्या, "आई-बाप हायत न्हवं तिला?"

पुढच्या मार्चपर्यंत पंख मिटले होते. मिटले म्हणजे वरचा-खालचा पत्रा रिबिटींनी कायमचा बसला होता. आतून प्रायमर, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा हात, मारला नव्हता. मी विचारलं होतं, कारण चित्रांच्या कागदावर तसं सुचवलेलं होतं. मेजर म्हणाले, "त्ये समुद्राकडच्यांसाठी. हितं प्यायाला पानी न्हाई, गंजायला कुठलं यायचं? उगा वजन." विमानाचं धड त्यांनी इंजिन बसवायला घरासमोरच्या पत्र्याच्या पडवीत नेलं. खोलीत फक्त पंख राहिले.

मार्चच्या शेवटी अवकाळी पाऊस आला. ज्याचा बेदाणा जाळीवर होता, तो त्या दिवशी पळत होता. दादासोचं तर छतावरचं प्लास्टिकच वाऱ्यानं फाडून नेलं. दादासो म्हणजे मेजरांचा बांधाशेजारी. त्याचा माल निम्मा वाळलेला होता, तो भिजला. भिजलेला बेदाणा काळा पडतो. त्याला तातडीनं गंधकाची धुरी द्यावी लागते, म्हणजे रंग टिकतो. एरवी धुरी उघड्यावर देतात, क्रेट रचून त्यावर प्लास्टिक झाकून. पण पाऊस थांबत नव्हता.

दादासो चिखलातून आला. डोक्यावर खताचं पोतं.

"मेजर, खोली द्या."

मेजरांनी खोलीकडे बघितलं. मग दादासोकडे.

बेदाण्याच्या दिवसांत पाऊस आला की आमच्याकडे शेडला कुणी नाही म्हणत नाही. माझी शेड आज तुझी, पुढच्या साली तुझी माझी. शिवाय ते पंख घोड्यांवर चढवायला एका टोकाला दादासोच होता.

"आण," मेजर म्हणाले.

आम्ही पंख मागच्या भिंतीशी सरकवले. मेजरांनी बागेचं नवं प्लास्टिक काढलं आणि दोन्ही पंखांवर वरून पांघरलं. सुतळीनं बांधलं, खाली विटा ठेवल्या. छताच्या एका सांध्यातून पाणी ठिबकलं होतं, त्याखालच्या उजव्या पंखाचा पत्रा ओलसर होता. तो पुसायला कुणाला वेळ नव्हता. क्रेट आले. मीही वाहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत क्रेट रचले, मधे घमेल्यात गंधक पेटवलं आणि दार लावून कडेला ओली पोती कोंबली.

सकाळी दार उघडलं तेव्हा सगळे खोकत होते आणि सगळे हसत होते. बेदाणा पिवळाधमक झाला होता. काकींनी चहा दिला. दादासो म्हणाला, "मेजर, तुमच्या विमानापायी माजं साल वाचलं."

"विमानापायी न्हवं गड्या, खोलीपायी."

मेजरांनी पंखावरच्या प्लास्टिकवर हात फिरवला. सुतळी घट्ट होती. सोडली नाही. पडवीत इंजिन बसवायचं काम अर्ध्यावर होतं.

एप्रिल संपत आला तेव्हा त्यांनी सुतळी कापली. मी तिथंच होतो. प्लास्टिक ओढल्यावर ते थांबले.

"वास आला?"

"कसला?"

"काडीपेटीचा."

मला आला. इतक्या दिवसांनी, प्लास्टिकच्या आतून.

उजव्या पंखावर रिबिटींच्या डोक्यांभोवती पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं साचलं होतं. त्यांनी अंगठ्यानं पुसलं. खाली बारीक काळे ठिपके होते. ते दुसऱ्या रिबिटीकडे गेले, तिसरीकडे. मग क्रेट उलटा करून त्यावर बसले.

"वरनं झाकलं," ते म्हणाले. "खालनं मोकळं. धूर आत गेला आन् आतच ऱ्हायला. वल्या पत्र्यावर त्येचं तेजाब झालं."

मी एक ठिपका नखानं खरवडून बघितला.

"हवाईदलात बॅटरीचं पानी जरी जवळ सांडलं तर आमी वरडायचो. गंधक, तेजाब, मीठ, सगळं लांब. आन् हितं माज्या हातानं..." ते अडले. "धुरी म्हंजे घरची गोष्ट, सर. लहानपणापास्नं बघतोय. त्येची भीतीच वाटली न्हाई."

दुसऱ्या दिवशी दादासोला कळलं. तो आला, वाकून बघून म्हणाला, "आवं मेजर, पुसलं की जातंय. वरनं पांढरा रंग मारू. पांढऱ्यावर पांढरं कुनाला दिसतंय?"

"आत गेलं असंल तर?"

"आत कोण बघतंय?"

दुपारपर्यंत मेजरांनी दोन्ही पंख फडक्यानं पुसून काढले होते, आणि रंगाचा डबा उघडून ढवळत होते. तेवढ्यात फोन वाजला. शिवांजली. फोन स्पीकरवर होता, त्यांचे हात रंगानं भरले होते म्हणून.

"काका, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणता येईल का? सकाळचा वारा बरा असतो. पंख झाले?"

मेजर म्हणाले, "झाले."

फोन बंद झाल्यावर ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी घरी आलो. त्या संध्याकाळी काही वाचता आलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस मी गेलो नाही. मग गेलो. बागेत खरड छाटणी चालू होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षाचं पीक निघालं की एप्रिलमध्ये वेलाच्या सगळ्या काड्या बुडापासून छाटून टाकतात, हिरव्यागार पानांसकट. बाग उघडी-बोडकी होते. मग नवी काडी फुटते, आणि त्या काडीवर पुढचा माल येतो. बायका ओळीनं कात्र्या चालवत होत्या. खाली पानांचा खच पडला होता.

खोलीत मेजर हातात रंगाची फवारणी गन घेऊन पंखासमोर उभे होते. पंखावर रंग नव्हता. डब्यातल्या रंगावर साय धरली होती. काकी दारात आल्या, हातात जेवणाचं फडकं.

"कवाधरनं हाका मारतीया. काय झालं?"

"काय न्हाई."

"मग असं उभं का? परवाधरनं उभंच हाय तुमी."

मेजरांनी गन खाली ठेवली. "आत लागलंय का न्हाई, कळत न्हाई. बघायचं तर सगळ्या रिबिटी काढाव्या लागतील. समदा पत्रा उघडायचा. साल जाईल."

काकी दाराबाहेर बघत होत्या. "ती बाग रोगानं मेलीया व्हय?"

"कोन म्हणतंय?"

"मग खरडतोय का? पानं बगा कशी हायत. दरसाल अशीच काढतोय न्हवं? तवा तुमी गन धरून उभं ऱ्हाता व्हय बांधावर?"

"बाग परत येती गं."

"आन् ह्ये काय पावसानं उगवलं हुतं? तुमीच केलं न्हवं?"



काकींनी फडकं क्रेटवर ठेवलं. "मी त्या पोरीला भाकरी वाढलीया," त्या म्हणाल्या आणि बागेत निघून गेल्या.

मेजर खाली बसले. फडकं सोडलं नाही. मग त्यांनी फोन घेतला. मी उठायला लागलो, तर हातानंच बस म्हणाले.

"कॅप्टन, मी खोटं बोललो तुमच्याशी. पंख झाले न्हाईत. खराब झालेत." मग पाऊस, दादासो, धुरी, सगळं सांगितलं. मधे कुठं थांबले नाहीत.



"उघडा," शिवांजली म्हणाली. "मी थांबते. मला कुठं जायचंय?" मग विचारलं, "बेदाणे कसे निघाले पण?"

"पिवळेधमक."

"मग पाठवा की."

रिबिटी काढायला सुरुवात झाली. आधी ड्रिलनं रिबिटीचं डोकं उडवायचं, मग उरलेला दांडा ठोकून पाडायचा. भोक मोठं झालं तर पत्रा वाया. मेजर एकटेच करत होते. एका सकाळी दादासो स्वतःचं ड्रिल घेऊन आला. दुसऱ्या टोकाला बसला. पहिली काही भोकं त्यानं बिघडवली. मेजर ओरडले, "आरं विहीर पाडतोयस का भोक?" मग त्याचा हात बसला.

बागेतलं काम निघाल्यावर काकींनी छाटणीच्या बायकांनाही आणलं. भोकाच्या कडेची खरखरीत धार घासायचं काम त्यांना दिलं. घडातले मणी विरळ करायची सवय असलेले हात ते. एक म्हणाली, "मेजर, येवढी भोकं हायत ह्येला, वाऱ्यावर शिट्टी वाजंल की." सगळ्या हसल्या. मेजरही.

डावा पंख आधी उघडला. आतून स्वच्छ होता. आरशासारखा. दादासो म्हणाला, "बगा, उगाच उघडला."

मेजर म्हणाले, "उगाच न्हाई."

उजवा पंख उघडला. खालच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथं पाणी साचलं होतं, तिथं मीठ फुटल्यासारखं झालं होतं. टोकाकडच्या पट्टीवर मेजरांनी पेन्सिलीचं टोक दाबलं. पेन्सिल आरपार गेली.

दादासोनं ते बघितलं. उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा चेहरा धुतलेला होता. "मीच म्हणलो हुतो, रंग मारा," तो म्हणाला.

"मी बी मारणारच हुतो की," मेजर म्हणाले. "ढवळून ठेवला हुता."

नवा पत्रा मागवला, नव्या पट्ट्या वाकवल्या. या वेळी आतून प्रायमर, पिवळसर हिरवा. पंख मिटायच्या आधी सरकारी तपासनीस येऊन आत बघून गेले. पावसाळा गेला, ऑक्टोबरची छाटणी झाली, घड धरले. दादासोनं त्याच्या रानात धुरीची स्वतंत्र खोली बांधली, मेजरांच्या शेडपासून जितकी लांब बांधता येईल तितकी. त्यासाठी त्याला चार वेल काढावे लागले.

जानेवारीत आम्ही कऱ्हाडला निघालो. धड एका टेम्पोत, पंख दादासोच्या ट्रॉलीत, खाली गाद्या. आमच्या भागात पवनचक्क्या आहेत, त्यांची पाती रस्त्यानं जाताना सगळ्यांनी बघितलेली. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "पवनचक्कीची का?"

"व्हय," दादासो म्हणाला. "बारकी हाय."

धावपट्टीच्या कडेला पंख जोडले. मेजरांनी प्रत्येक बोल्टला हात लावला, मग परत पहिल्यापासून लावला. शिवांजली बाजूला उभी होती, घाई करत नव्हती. मेजरांनी ट्रॉलीच्या मडगार्डवर कागद ठेवून सही केली आणि तिच्याकडे दिला. तिनं तो न वाचता घडी करून ठेवला.

"बघा तरी."

"बघितलं," ती म्हणाली.

इंजिन चालू झालं. विमान पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि पळायला लागलं. मग चाकांखाली उजेड दिसला.

मी वर बघत होतो. काकी तोंडाला पदर लावून बघत होत्या. दादासो ट्रॅक्टरच्या सीटवर उभा राहिला होता. मेजर मात्र पट्टीकडे पाठ करून उभे होते. मान तिरकी, एक कान वर. ते ऐकत होते. विमानानं डोंगराच्या बाजूनं एक फेरी घेतली, मग आणखी एक. त्या सगळ्या वेळात मेजर एकदाही वळले नाहीत. आवाज खाली यायला लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. चाकं टेकल्याचा आवाज आला. एक छोटी उडी, मग परत टेकल्याचा.

विमान येऊन थांबलं. नाकावरचा पंखा थांबायच्या आत मेजर निघाले होते. दादासोनं त्यांना दंडाला धरून थांबवलं. पंखा थांबल्यावर ते उजव्या पंखाखाली उताणे झोपले, एक छोटं झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला.

"काका, उतरू तरी द्या," शिवांजली वरून म्हणाली.

"कसं वाटलं?" पंखाखालून आवाज आला.

"छान. सगळं छान. फक्त..."

मेजर सरकत बाहेर आले. "फक्त काय?"

"उजवा किंचित जड लागतो. दांडा थोडा डावीकडे धरावा लागतो. अगदी किंचित."

मेजरांनी तिच्याकडे बघितलं, मग पंखाकडे. आणि ते हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना आधी बघितलं नव्हतं.

"त्या पट्ट्या मी जाड टाकल्यात," ते म्हणाले. "भ्यालो हुतो. किती म्हणलासा? किंचित? आत्ता डाव्याला वजन लावतो. दादासो, पाना आण."

"आदी जेवा सगळी," काकी म्हणाल्या. त्यांनी ट्रॉलीतल्या गादीवर डबा उघडला आणि पहिली भाकरी शिवांजलीच्या हातात दिली.